कोंडलेली वाफ

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्या माउलीच्या तोंडून प्रथम निघाली असेल, तिने उभ्या आयुष्यात हजारो वेळा पातेल्यावरचे झाकण बाजूस सारले असेल, वाफेचा लोट चेहऱ्यावर घेतला असेल आणि पळीवर आलेले एक शित दोन बोटांत चेपून पाहिले असेल. शित मऊ लागले की भात झाला; मध्ये कणी लागली की आणखी थोडा जाळ. स्वयंपाक ही अशी विद्या आहे. ती डोळ्यांनी, नाकाने, कानांनी आणि बोटांनी शिकावी लागते. आधण आले हे कान सांगतात, फोडणी खरपूस झाली हे नाक सांगते आणि भाकरी पालटण्याची वेळ डोळे ओळखतात.

परंतु ज्या भांड्यात शित पाहण्याची सोयच नाही, त्यात भात कसा शिजवावा? झाकण एकदा घट्ट बसले की ते मध्येच काढता येत नाही, आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि वासही फारसा येत नाही, असे एक भांडे गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपल्या स्वयंपाकघरांत येऊन बसले आहे. त्याचे नाव प्रेशर कुकर. मुलांनो, त्याची शिट्टी तुमच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की सकाळी ती ऐकू आली नाही तरच तुम्हांला चुकल्यासारखे वाटेल. पण तुमच्या आजीने किंवा पणजीने हे भांडे प्रथम चुलीशेजारी ठेवले, तेव्हा तिला काय वाटले असेल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

त्यासाठी एक घर डोळ्यांपुढे आणा. गाव परभणी जिल्ह्यातील गंगाखेड. काळ १९७० च्या सुमाराचा. गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. दळण, कांडण, सडासारवण अशी कष्टाची कामे करता करता ज्यांनी विठ्ठलाशी संवाद केला, त्या जनाबाईंच्या गावी स्वयंपाकघरातील कष्टांचे मोल कोणास वेगळे सांगावयास नको. अशा या गावातील एका आळीत माळवदाचे एक जुने घर आहे. घरात आजोबा, आजी, मुलगा, सून, आठवीत शिकणारी नात आणि तिचा धाकटा भाऊ अशी सहा माणसे. चूल पेटते ती तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांवर. शेजारी रॉकेलचा एक स्टोव्ह आहे. पण तो पाहुणे आले तरच पेटावयाचा. तुरीची डाळ शिजावयास तासभर लागतो, आणि तो सगळा वेळ आजी किंवा सूनबाई धुराने डोळे चोळीत चुलीपुढे बसलेली असते.

या घरी एके दिवशी मुलांचे मामा आले. ते मुंबईस नोकरीला होते. परभणीहून रेल्वेने उतरले, ते हातात एक मोठे खोके घेऊनच. खोक्यात चकचकीत ॲल्युमिनियमचा कुकर होता. "ताई, आता तुझी डाळ पंधरा मिनिटांत," असे सांगून त्यांनी झाकण, शिट्टी आणि भोवतीचे रबरी कडे दाखविले. ते दुसऱ्याच दिवशी परत गेले. मागे राहिली ती इंग्रजीतील सूचनांची एक पुस्तिका. ती देवळीत जपून ठेवण्यात आली, आणि जपून ठेवलेल्या वस्तूंचे जे होते तेच तिचे झाले. कोणी ती उघडून पाहिली नाही.

पहिल्या दिवशी सूनबाईंनी कुकर घासूनपुसून स्वच्छ केला. झाकणातील रबरी कडे काढून अंगणात वाळत ठेवले. धाकट्याला ते सापडले. इतके गोल, इतके हलके आणि काठीने हाकले की अंगणभर धावणारे चाक त्याने आजवर पाहिले नव्हते. आजीला वाटले, मालाच्या बांधणीतले हे रबर असेल. खेळू दे लेकराला. इकडे स्टोव्ह पेटला, कुकर चढला, आणि सगळे घर शिट्टीची वाट पाहत बसले. दहा मिनिटे झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. झाकणाच्या कडेने फुसफुस करीत वाफ निघत होती. शिट्टी मात्र मुकी. शेवटी करपल्याचा वास आला. उघडून पाहतात तो तळाशी डाळीचा कोळसा आणि वर टणक दाणे!

"यापेक्षा माझं पातेलं बरं," आजी म्हणाली. "ते फसवत तरी नाही."

नवे भांडे बिघडले, की पहिला दोष भांड्यावर येतो. हे केवळ गंगाखेडातच घडते असे नाही. १८३५ च्या मार्च महिन्यात चार्ल्स डार्विन हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडीत होता. एका उंच ठिकाणी मुक्काम पडला. बटाटे उकळत ठेवले. कित्येक तास झाले तरी ते मऊ होईनात. भांडे रात्रभर विस्तवावर राहिले, सकाळी पुन्हा उकळले; तरी बटाटे कच्चेच. डार्विनच्या दोन सोबत्यांनी विचार करून निर्णय दिला, की भांडे नवे आहे आणि या मेल्या भांड्याच्या मनात बटाटे शिजवावयाचेच नाही! डार्विनने ही गोष्ट आपल्या प्रवासवर्णनात नमूद केली आहे आणि खरे कारणही सांगितले आहे. ते कारण काय?

पाणी किती अंशांवर उकळेल हे त्याच्यावरील दाबावर अवलंबून असते. आपल्या सर्वांच्या डोक्यावर हवेचे ओझे आहे. समुद्रकिनारी हे ओझे जास्त. तेथे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. जसजसे डोंगरावर चढावे, तसतशी वरची हवा कमी होते, दाब घटतो आणि पाणी लवकर, म्हणजे कमी तापमानाला उकळू लागते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे. तेथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. अँडीजमध्ये ते याहूनही कमी तापमानाला उकळत होते. पाणी खळखळत होते खरे, पण बटाटे शिजविण्याइतके ते तापलेच नव्हते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. उघड्या भांड्यातील पाणी एकदा उकळू लागले, की मग जाळ कितीही वाढवा, ते अधिक तापत नाही. ते फक्त लवकर आटते. वाढविलेली सारी उष्णता वाफ होऊन निघून जाते. आता हीच वाफ कोंडून धरली तर? तर तिचा दाब पाण्यावर पडेल, आणि दाबाखालचे पाणी १०० अंशांना उकळणार नाही. ते आणखी तापत जाईल. घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेच्या दाबावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका दाब आणखी चढतो आणि आतील पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत तापते. डाळ लवकर शिजते ती एवढ्याचसाठी.

आता त्या रबरी कड्याचे महत्त्व तुमच्या ध्यानात आले असेल. भांडे आणि झाकण यांमधील फट ते बुजविते. ते नसेल तर वाफ कोंडली जात नाही. वाफ कोंडली नाही तर दाब नाही. आणि दाब नाही तर कुकर म्हणजे जड झाकणाचे एक साधे पातेले. नातीने शाळेच्या पुस्तकातील पाण्याचा व वाफेचा धडा काढून हे सारे आजीस समजावून सांगितले. धाकट्याचे चाक काढून घेण्यात आले, आणि त्याबद्दल त्याने पुरेसे रडूनही घेतले.

दुसऱ्या दिवशी कुकर शिट्टी देऊ लागला. पण त्याची परीक्षा अजून संपावयाची होती. होळी आली. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवावयाची होती. एवढे मोठे भांडे अर्धे रिकामे का ठेवा, या हिशेबाने सूनबाईंनी ते डाळीने आणि पाण्याने गळ्यापर्यंत भरले. थोड्याच वेळात शिट्टीच्या तोंडून वाफेऐवजी पिवळी कारंजी उडू लागली. भिंत पिवळी झाली, फळीवरचे डबे पिवळे झाले, माळवदाच्या तुळयांपर्यंत थेंब पोहोचले. आजीने वर पाहिले आणि म्हणाली, "सूनबाई, यंदा कटाची आमटी आधी माळवदाला वाढलीस होय?" सूनबाई रडकुंडीला आल्या होत्या; त्याही हसू लागल्या.

कारण साधे होते. डाळ उकळताना तिला फेस येतो. वर मोकळी जागा नसेल तर तो फेस, डाळीच्या सालपटांसह, वाफेच्या अरुंद वाटेत शिरतो. भिंती रंगल्या तर पुसता येतात. परंतु ती वाट डाळीच्या एखाद्या कणाने बुजली तर वाफेस बाहेर पडावयास मार्ग उरत नाही, आणि तो धोका मोठा. म्हणून कुकर कधीही दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये, आणि डाळी-कडधान्यांसारखे फेसाळणारे पदार्थ असतील तर निम्म्यापर्यंतच भरावा. वर दिसणारी रिकामी जागा वाया गेलेली नसते. ती वाफेची जागा असते. झाकण लावण्यापूर्वी शिट्टीखालची नळी उजेडाकडे धरून पाहावी. आरपार दिसले तरच कुकर चढवावा.

तिसरा प्रसंग मात्र आजीने जिंकला. एकदा सगळे नियम पाळूनही, चार शिट्ट्या होऊनही, तुरीची डाळ अर्धवट राहिली. कडे जागेवर होते, पाणी बेताचे होते, नळी स्वच्छ होती. नातीच्या पुस्तकात उत्तर सापडेना. आजीने विचारले, "पाणी कुठलं घातलंस, सूनबाई?"

"परसातल्या विहिरीचं, आत्याबाई."

"तिथंच चुकलं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही; साबणालाही फेस येत नाही. डाळीला नदीचं पाणी घालावं."

शास्त्र हेच सांगते. ज्या पाण्यात चुन्यासारखे क्षार अधिक असतात, त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. हे क्षार डाळीच्या दाण्यास आतून घट्ट धरून ठेवतात; तो सहज फुटत नाही. आजीला क्षारांचे नाव ठाऊक नव्हते. पण पन्नास वर्षांच्या अनुभवाने पाण्याचा स्वभाव ठाऊक होता. यंत्र नवे असले तरी त्यात घातलेली डाळ जुनीच असते, आणि डाळीविषयीचे ज्ञान आजीजवळ होते. त्या दिवसापासून घरात एक नवी रीत पडली. कुकरचा प्रश्न असेल तर नातीस विचारावे. डाळ, तांदूळ, पाणी यांचा प्रश्न असेल तर आजीस विचारावे.

काही महिन्यांनी शेजारच्या घरीही कुकर आला. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. सूनबाई पाण्यास गेल्या आणि धाकट्यास सांगून गेल्या, "तीन शिट्ट्या झाल्या की आजीला हाक मार." धाकट्याने मन लावून काम केले. एक, दोन, तीन! आजीने स्टोव्ह बंद केला. जेवावयास बसल्यावर भात कचकचीत लागला. चौकशी केली तेव्हा कळले, की तीनपैकी दोन शिट्ट्या शेजाऱ्यांच्या होत्या! त्या दिवशी शेजारच्या घरी काय शिजले आणि किती शिजले, हे मात्र कोणास विचारण्याचा धीर झाला नाही.

या प्रसंगी हसू आले तरी त्यातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. शिट्ट्यांची संख्या हे काही पक्के माप नव्हे. मोठ्या जाळावर शिट्ट्या भराभर होतात, मंद जाळावर सावकाश होतात. पदार्थ शिजतो तो तापमानाने आणि वेळाने. शिट्टीच्या आवाजाने नव्हे. म्हणून पहिली शिट्टी झाली की जाळ मंद करावा आणि घड्याळ पाहावे. आत लागणारा दाब तेव्हा तयार झालेला असतो. तो टिकण्यापुरती आच पुरे होते. त्यात इंधनही वाचते. उकळी आली की जाळ मागे ओढावा, हे तर आजी चुलीपाशी नित्यच करीत होती.

आता जो प्रसंग सांगावयाचा आहे, तो हसण्यासारखा नाही. पावसाळ्याचे दिवस होते. रॉकेलसाठी रांगेत उभे राहावे लागे. आजोबा मोठे काटकसरी. प्रत्येक शिट्टीबरोबर फुकट जाणारी वाफ पाहून त्यांचा जीव कळवळे. ते म्हणाले, "ही वाफ रॉकेल जाळून केलेली आहे. ती अशी उधळायची कशाला? शिट्टी तारेनं झाकणाशी बांधून टाकतो. वाफ आतच राहील, डाळ आणखी लवकर शिजेल." आणि ते तार व पक्कड घेऊन बसले.

आजी घाईघाईने पुढे झाली. "थांबा! दूध उतू जायला लागलं म्हणून झाकण दाबून कुणी दूध थांबवलं आहे का? ज्याला बाहेर यायचं आहे, त्याला वाट ठेवावी." आजोबा थबकले. तेवढ्यात नातीने पाटी पुढे ओढली. कुकरच्या झाकणाची रुंदी तिने टेपने मोजली. ती वीस सेंटिमीटर भरली. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले. ते सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर आले. दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, म्हणजे एकंदर तीनशे किलोग्रॅमांहून अधिक जोर! "आजोबा," ती म्हणाली, "ज्वारीची शंभर किलोंची तीन पोती वर ठेवावीत, एवढ्या जोरानं आतली वाफ हे झाकण ढकलत असते. शिट्टी उचलली जाते म्हणून तो जोर तेवढ्यावरच थांबतो. ती बांधली, तर तो किती वाढेल कुणास ठाऊक!"

आजोबांनी त्या चिमुकल्या शिट्टीकडे पाहिले, मग तीन पोत्यांचा विचार केला, आणि तार गुंडाळून ठेवली.

मुलांनो, ही शिट्टी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या चिंतेतून जन्मली आहे. त्याचे नाव डेनी पापँ. तो १६४७ साली फ्रान्समध्ये जन्मला. पुढे लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल या प्रसिद्ध शास्त्रज्ञाबरोबर त्याने काम केले. १६७९ मध्ये त्याने वाफ कोंडून पदार्थ शिजविणारे एक जाड धातूचे भांडे तयार केले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यात टणक हाडेसुद्धा मऊ होत. १६८२ च्या एप्रिल महिन्यात या भांड्यात शिजविलेले भोजन सोसायटीच्या काही सभासदांना देण्यात आले. जॉन एव्हलिन या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत त्या भोजनाचे कौतुकाने वर्णन केले आहे. पण वाफ कोंडली म्हणजे ती भांडे फोडूही शकते, हे पापँ जाणून होता. म्हणून त्याने झाकणास एक लहानसे छिद्र ठेवले आणि त्यावर वजनाने दाबलेली एक झडप बसविली. दाब मर्यादेबाहेर गेला की वाफ वजन उचलून बाहेर पडे. दाब उतरला की झडप पुन्हा बंद होई. आपल्या कुकरची शिट्टी हे त्या झडपेचेच वंशज आहे. पुढे आगगाड्यांच्या इंजिनांनाही अशाच प्रकारच्या झडपा लागल्या. वाफेने दट्ट्या उचलण्याची कल्पनाही पापँनेच १६९० मध्ये मांडली. थोडक्यात, स्वयंपाकघरातील भांडे आणि आगगाडी यांचे नाते फार जुने आहे.

शिट्टीची वाट काही कारणाने बुजलीच, तर आणखी एक राखणदार झाकणात बसविलेला असतो. त्यास सुरक्षा-झडप म्हणतात. तिच्यात लवकर वितळणारा धातू असतो. पाणी आटून भांडे भलतेच तापले, की तो वितळतो आणि वाफेस वाट करून देतो. घरातील माणसांना वाचविण्यासाठी ती झडप स्वतः खर्ची पडते. ती गेल्यावर तेथे खिळा, नाणे किंवा लाकडाचा तुकडा ठोकून काम भागविणारे लोक आढळतात. ते राखणदारास काढून त्याच्या जागी बुजगावणे उभे करतात. अशा जागी त्याच बनावटीची नवी झडपच बसविली पाहिजे. भारतात १९५० च्या दशकाच्या अखेरीस कुकर तयार होऊ लागले, आणि आता २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे कायद्याने आवश्यक ठरले आहे. ते चिन्ह पाहूनच कुकर घ्यावा.

झाकण उघडण्याची घाई हाही असाच एक शत्रू. शाळेची घंटा होते, पोटात कावळे ओरडू लागतात, आणि झाकण तर हलत नाही. कोणी उलथन्याने ते उचकटू पाहतो. हे कधीही करू नये. आत १०० अंशांहून अधिक तापलेले पाणी दाबाने बांधून ठेवलेले असते. झाकण एकाएकी निघाले, की दाब नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होऊन, उकळती डाळ बरोबर घेऊन बाहेर उसळतो. कुकर आपोआप निवू द्यावा. झाकण सहज निघाले तरच ते काढावे. जोर लावावा लागत असेल, तर आत अजून दाब आहे असे समजावे.

असो. वर्ष उलटले. त्या घरातील कुकरचा चकचकीतपणा गेला, आणि त्याच्याविषयीची भीतीही गेली. आजीमध्ये मात्र एक मोठा बदल झाला होता. ती आता शिट्ट्या मोजीत नसे. माजघरात बसून गहू निवडता निवडता ती कान देऊन ऐके. आधी वाफेची बारीक सुरसुर, मग शिट्टीची थरथर, मग पहिली हाक. "आवाज कोरडा येतोय, पाणी कमी घातलंस," असे ती तेथूनच सांगे, आणि ते बहुधा खरे निघे. पातेल्यावरचे झाकण उचलून डोळ्यांनी जे पाहावयाचे, ते ती आता कानांनी पाहू लागली होती. जुनी विद्या टाकून तिने नवी घेतली नव्हती. जुनीच विद्या नव्या भांड्यास लावली होती.

नवी वस्तू घरात आली, की दोन प्रकारची माणसे दिसतात. काही तिला नावे ठेवून कोपऱ्यात टाकतात. काही डोळे मिटून तिच्यावर विसंबतात. पहिल्यांच्या हातून सोय जाते, दुसऱ्यांच्या हातून सावधपणा जातो. या दोहोंहून वेगळा असा एक मार्ग आहे. काही बिघडले की भांड्यास किंवा माणसास दोष न देता "असे का झाले?" हा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नये. उत्तर कधी पुस्तकात असते, कधी पाटीवरच्या हिशेबात असते, तर कधी चुलीशेजारी पन्नास वर्षे बसलेल्या आजीजवळ असते.

कुकर निवला, झाकण निघाले, तरी आजी लगेच पाने वाढू देत नसे. पळीने भात वर काढून त्यातले एक शित ती दोन बोटांत चेपून पाही. नात एकदा हसून म्हणाली, "आजी, आता कशाला? कुकर कधी चुकतो का?"

आजी म्हणाली, "लेकरा, शिजवायचं काम कुकरचं. शिजलं की नाही, हे पाहायचं काम आपलं."

शब्दार्थ

शित – शिजलेल्या भाताचा दाणा. आधण – उकळते पाणी. माळवद – लाकडी तुळयांवर माती घालून केलेले सपाट छत. तुऱ्हाटी – तुरीच्या झाडाची वाळलेली काटकी. पऱ्हाटी – कापसाच्या झाडाची वाळलेली काटकी. देवळी – भिंतीतील कोनाडा. कट – पुरणाची डाळ शिजल्यावर गाळून काढलेले पाणी. दुष्फेन – ज्यात साबणाचा फेस सहज होत नाही असे (पाणी). दट्ट्या – नळीत मागेपुढे सरकणारा दांडा.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी का झाली नाही?
(आ) डार्विनच्या सोबत्यांनी कोणास दोष दिला? खरे कारण काय होते?
(इ) शिट्ट्यांची संख्या हे पक्के माप का नव्हे?

२. कारणे द्या.
(अ) डाळ शिजविताना कुकर निम्म्यापर्यंतच भरावा.
(आ) विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजली नाही.
(इ) आजोबांनी तार गुंडाळून ठेवली.

३. "जुनीच विद्या नव्या भांड्यास लावली होती," या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे सात-आठ ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
अंगवळणी पडणे, रडकुंडीला येणे, जीव कळवळणे, पोटात कावळे ओरडणे, खर्ची पडणे.

५. उपक्रम : आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा, की घरात प्रथम आलेले नवे साधन कोणते आणि ते वापरावयास शिकताना कोणकोणत्या फजित्या झाल्या. त्यांतील एक प्रसंग, त्यामागच्या कारणासह, आपल्या शब्दांत लिहा.